एडक्यासारखं

कंधारच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या खोलीत
मी चिठ्ठ्या लिहितो. अक्षर बरं म्हणून.
वाळलेलं झाड, दोऱ्यानं टाचलेलं,
खाली नाव, गाव, तारीख.

आज हरभरा आला, बहाद्दरपुऱ्याच्या शिवारातला,
मुळासकट, घाट्यांत अजून ओल.
सायसर एरिएटिनम.
चौथ्या चिठ्ठीला विचारलं,
मॅडम, ह्यातलं दुसरं काय?

काझी मॅडमनी चष्मा कपाळावर नेला.
विशेषण आहे, म्हणाल्या. लॅटिन.
एरीज म्हणजे एडका.
एरिएटिनम, एडक्यासारखं.
आणि बरणीतला एक दाणा काढून
माझ्या तळहातावर उभा केला.

वाकडी चोच. दोन गाल. मधली खाच.
टकरीच्या आधी
शिंगं मागं टाकून मान खाली घालायचा तसा
आमचा भुऱ्या.

पण हरभरा तर तो.
मग एडक्यासारखा का नाही?
तिकडं ते नाम नपुंसकलिंगी, त्या म्हणाल्या,
आणि विशेषणाला नामाच्या मागं जावं लागतं.
आपलं काळा, काळी, काळं, तसंच.

संध्याकाळी बापाला सांगितलं.
तो ढाळे सोलत बसलेला, बोटं आंबेनं चिकट.
नपुंसक?
म्हंजे बडवलेला, म्हणाला,
आणि ठसका लागेस्तोवर हसला.
मग डोळे पुसत,
नाव ठेवणारा मेंढरामागं हिंडलेला असंल.
खुर्चीवर बसून हे दिसत नसतंय.

कुठं बोलतेत ही भाषा?
कुठंच नाही आता.
नुसती चिठ्ठीवर?
नुसती चिठ्ठीवर.

मला नोकरी लागली त्या वर्षी
हाळीच्या बाजारात एकोणीस मेंढरं गेली.
भुऱ्या शेवटी. टेम्पोत चढेना.
व्यापाऱ्यानं शेपटी पिरगाळली तरी चढेना.
मग बापानं धोतराच्या सोग्यातून
मूठभर हरभरे काढून पुढं धरले
आणि तो मुकाट चढला.
हे मॅडमना सांगितलं नव्हतं.
बापानंही आज काढलं नाही.

त्यानं एक घाटा फोडला.
दाणा बल्बखाली धरला,
अंगठ्यानं चोच चाचपली,
खाच चाचपली,
आणि तोंडात न टाकता
बंडीच्या खिशात ठेवला.