गाडी चार तास उशिरा

सुरतेची गाडी चार तास उशिरा.
भुसावळच्या फलाटावर एप्रिल असा तापलेला
की बाकाला हात लावून लोक उभेच राहत होते.
बॅग क्लोकरूममध्ये टाकली आणि पुलावरून
ज्या बाजूला कुणी उतरत नव्हतं
त्या बाजूला उतरले.

यार्डाच्या भिंतीपलीकडे, कडुनिंबांत, दगडी चर्च.
मनोरा आहे, घंटा नाही.
घंटेच्या जागी रुळाचा हातभर तुकडा
तारेनं टांगलेला, शेजारी हातोडी.
"घंटा तडकली," थॉमस वळवी म्हणाले, "रूळ तडकत नाही."
नवापूरकडचे. बत्तीस वर्षं शंटिंगला, आता इथे
झाडू, किल्ल्या, आणि रविवारी पेटी.

मी दाराशी चपला काढल्या.
नसत्या काढल्या तरी चाललं असतं, म्हणाले,
पण आमची माणसंही काढतात.
फरशी गार, माठाच्या पोटासारखी.
बाकांवर पितळी पट्ट्या. पुसून पुसून नावं गेलेली,
हुद्दे उरलेले: गार्ड. ड्रायव्हर. गार्डाची पत्नी.
छताला झालरपंख्याच्या कड्या.
त्याची दोरी ओढत जो बाहेर बसायचा
त्याची पट्टी मी शोधली.
एका खिडकीत निळ्या-तांबड्या काचेचा मेंढपाळ,
मेंढराच्या जागी हिरवं प्लास्टिक;
दुपार त्यातून आत येते
आणि तिसरा बाक केळीच्या बागेत बसतो.

वेदीशेजारी लाकडी फळा. गेल्या रविवारचे आकडे:
एकशे बारा. सत्तेचाळीस. तीनशे पाच.
"गीतांचे," ते म्हणाले. "वरचे दोन बदलतात."
आणि खालचा?
त्यांनी किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या.
"पुस्तकं इथे नाहीत. वाळवी लागते.
मागच्या गल्लीत सुपडूभाऊंकडे जा. पाणी देतील."

पाटीवरचा 'पु' गळालेला,
म्हणून 'भंगाळे स्तक भांडार'.
आत अंधार, आणि जुन्या कागदाला
ओल्या शेंगांचा वास.
आयटीआयची गाइडं, केळीवरचे रोग,
एकोणऐंशी सालचं वेळापत्रक
(त्यात माझी गाडी वेळेवर होती),
आणि रहस्यकथा, रहस्यकथा,
रात्रपाळीच्या तेलकट बोटांनी कोपरे खाल्लेल्या.
"शेवटचं पान नसलं तं दहा रुपये कमी," सुपडूभाऊ म्हणाले.
"अन् शेवट मी तोंडी सांगतो. फुकट."

खालच्या फडताळात, धुतलेल्या धोतरात बांधलेलं,
चर्चच्या शिक्क्याचं एक जाड पुस्तक.
एकशे बारा सापडलं. सत्तेचाळीस सापडलं.
तीनशे चार, आणि लगेच तीनशे सहा.
मधे दातऱ्या कडेची एक पट्टी,
नखाएवढी.

"ते विकायचं नाई. रविवारी सकाळी थॉमस नेतो,
संध्याकाळी आणून ठेवतो."
पान?
"रिबकाबाईसोबत गेलं. तिले आवडायचं ना ते.
पेटीत ठेवलं, हाताखाली.
मी म्हटलं, भाऊ, आधी उतरून तं घे कागदावर.
नाई म्हने."
मग गातात कसं?
"ज्याले जेवढं येतं तेवढं."
असं म्हणून त्यांनी पुस्तक बांधलं,
गाठ दोनदा ओढून बघितली,
मला दुसरा ग्लास पाणी दिलं.

मी एक रहस्यकथा घेतली, शेवटचं पान नसलेली.
"ऐका," ते सरसावले, "तो जो कंपाउंडर असतो ना..."
राहू द्या, म्हटलं.
त्यांना ते आवडलं नाही.
मी पूर्ण किंमत पुढे केली, तेही नाही आवडलं.
नियम म्हणजे नियम: सुटे दहा मोजून परत.
बाहेर रुळावर पाच ठोके पडले,
चपटे, कोरडे, ताट पडावं तसे.

फलाटावर कळलं, आणखी पन्नास मिनिटं.
पुस्तक मागून उघडलं.
दोनशे अठरा. कंपाउंडर दार लावून घेतो.
पुढे पुठ्ठ्याची पाठ, शिवणीचा दोरा,
आणि दोऱ्याला चिकटलेली
एक सुकलेली मुंगी.