भाग दोनशे चौदा

कारेलीबागेत, टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
अकरा वर्षं मी नऊ वर्षांचा मुलगा होते.
बोळक्या हिशेबे. पुढचे दोन दात पडलेले.
ते अकरा वर्षांत आले नाहीत,
त्यामुळे 'स' म्हणताना माझी जीभ अजून बाहेर येते,
बँकेतसुद्धा.

गच्चीवरून पडायचा बोळक्या, पापडासारखा चपटा व्हायचा,
कडेकडेनं सुटून उभा राहायचा.
विश्वामित्रीतली मगर त्याला गिळायची,
मग दप्तरातल्या गणितानं तिला अपचन,
की आलाच बाहेर. कोरडा. भांग जागच्या जागी.
मी फक्त 'ओय' म्हणायचे.
तेरा तऱ्हांचे ओय होते माझ्याकडे,
तळेगावकरनं त्यांना नंबर दिले होते.

लोक त्याआधीही चिडले होते म्हणा.
हिशेब्यांची हिरवी स्कूटर एका रविवारी निळी झाली,
तर मांजलपूरच्या बाईंनी दोन फुलस्केप भरून पाठवले.
मगर शाकाहारी झाली तेव्हा
दांडिया बाजारातल्या चहावाल्यानं
परिमलभाईंच्या कपात साखरच घातली नाही.
आम्ही त्याच्यावरही एक भाग केला.

दोनशे चौदाव्याला कागदावर एवढंच होतं:
नाना कामावरून येतात. बोळक्याकडून शाई सांडते.
थप्पड. हशा.
चित्रात सात रेघा, तीन लाल तारे.
काचेपलीकडून बोट वर झालं
आणि तेरांपैकी एकही ओय येईना.
आला तो दुसराच.
आधी श्वास आत. मग बराच वेळ काही नाही.
मग 'मी मुद्दाम'मधल्या 'मु'पर्यंत.
तो कुठून आला मला ठाऊक आहे.
इथे लिहीत नाही.

हशा कुणी लावलाच नाही.
विसरले की धजले नाहीत,
दोघं दोन गोष्टी सांगतात.

सोमवारपासून फोन वाजत राहिला.
आमची पोरगी ताटावरून उठली.
आमच्या घरी टीव्ही बंद करून कुणी कुणाकडे बघेना.
कार्टूनला लागत नसतं, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?
गुरुवारी सकाळी स्टुडिओच्या दारावर शाई होती,
निळी, शाळेची,
टायरवाला म्हणाला, रॉकेलनं जाईल.

खानविलकर रावपुऱ्याहून रिक्षानं आले,
ड्रायक्लीनिंगचं दुकान बंद ठेवून.
जिन्यानं धाप लागलेली. पाणी नको म्हणाले.
आता हा माणूस ओरडणार, मी खुर्ची घट्ट धरली.
'तो उठतो म्हणून बघत होतो,' म्हणाले.
मग गिऱ्हाइकाशी बोलावं तशा आवाजात
त्या रविवारचे केबलचे पैसे परत मागितले:
चार रुपये ऐंशी पैसे. चिठ्ठीवर भागाकार करून आणला होता.
परिमलभाईंनी पाचचं नाणं पुढे केलं.
वरचे वीस पैसे द्यायला म्हातारा खिसे चाचपत राहिला,
शर्टाचे, पँटचे, पुन्हा शर्टाचे.
तसलं नाणं आता कुठे असतं?
तरी आम्ही कुणीच 'राहू द्या' म्हटलं नाही.

दुरुस्ती झाली. ओय नंबर चार. हशा दुप्पट.
नाना कान पकडतात, मगर टाळ्या वाजवते.
जुना तुकडा माझ्यासमोर पुसला,
शिंक यायला लागतो त्याहून कमी वेळ लागला.
लोक परतले. चहात साखर आली.

सोसायटीतली पोरं मला लिफ्टमध्ये गाठतात.
बोळक्याताई, ओय करा ना.
करते. मूड असला तर तेराही, नंबरवार.
काल पाचव्या मजल्यावरच्या भोइट्यांच्या धाकट्यानं
बाकीच्यांना आधी उतरू दिलं.
शर्टाचं बटण पिळत म्हणाला,
ते पुसलेलं येतं का अजून तुम्हाला?
नाही रे, म्हटलं. गेलं ते.
दार मी पायानं अडवून धरलेलं, लिफ्ट कोकलत होती.

'मला येतं,' तो म्हणाला.

आधी श्वास आत.