पौषातली झड

तीन दिवस झाले, ऊन नाही.
तिकडे समुद्रात कुठेतरी वादळ झालं म्हणे,
त्याचं शेपूट इथवर आलं,
सोलापुरात, जिथे नळाचं पाणी पाचव्या दिवशी येतं
आणि हे आलं न विचारता, ऐन पौषात, आडव्या वाऱ्यानं.

सकाळी आधी गटाराचं तोंड मोकळं करायचं.
हे काम कुणी शिकवत नाही, कुणी बघतही नाही.
हात घालायचा कोपरापर्यंत.
शेवग्याचा पाला, एक चमचा,
कुणाच्यातरी पतंगाची भिजून लगदा झालेली शेपटी.
ओढून काढलं की पाणी गुळगुळ करत पळतं,
खाकरून घसा मोकळा केलेल्या म्हाताऱ्यासारखं.
म्हणजे माझ्यासारखंच.

मग कुंड्या. एकेक तिरकी करून पाणी सांडायचं.
मे महिन्यात ज्या कढीपत्त्याला
तांदूळ धुतलेलं पाणी वाटीनं मोजून घातलं,
त्याच्याच बुडातलं पाणी आता ओतून द्यायचं.
हात आखडतो जरा.

शेवगा पहिल्या रात्रीच मोडला.
उंची तेवढी दुमजली, आत नुसता भुसा.
कडाडला नाही, कुरकुरला आणि बसला.
फांदीचे हात हात तुकडे केले,
भिंतीशी ओळीनं रोवले.
ज्याला जगायचंय तो जगेल.

टोमॅटोला काठ्या, काठ्यांना पट्ट्या.
टॉवेलच्या काठाची कातरण, अजून अर्धं पोतं आहे.
चौतीस वर्षं मागाशी उभा होतो;
सुटताना मालकानं घड्याळ दिलं, ते बंद पडलं.
कातरण टिकली.
गाठ मात्र विणकराची,
तुटलेला धागा डोळे मिटून जोडतात ती.
बोटांना येते, तोंडाला सांगता येत नाही.
इथे फक्त सैल ठेवायची.
खोड फुगतं. सूत फुगत नाही.
हे कळायला मला एक अख्खा हंगाम लागला,
आणि सहा रोपं.

पावट्यावर मावा पडलाय; ढगाळ हवा त्याला मानवते.
नरसम्मा विड्या वळते. सुपातला तंबाखूचा चुरा
रात्री भिजत घालते, सकाळी फडक्यातून गाळून देते.
वाऱ्याकडे पाठ करून शिंपड, म्हणते.
वारा इथे एका बाजूनं असेल तर ना.
शिंकत शिंकत वेल धुतला खालपासून,
आणि वर पाहिलं तर शेंडा नाही.

शेंडा भिंतीपलीकडे गेलेला.
पलीकडे इरण्णा हत्तुरे.
दोन वर्षं बोलणं नाही.
नळाला मोटर लावतो, म्हणालो होतो मी, चार लोकांत.
लावत होता की नाही, आता खात्रीनं सांगता येणार नाही.

स्टूल घेतलं, ओल्या फरशीवर, या वयात.
वाटलं, फाटून लोंबत असेल, नाहीतर त्यानं खुडून टाकला असेल.
वेल होता.
त्याच्या कपडे वाळत घालायच्या तारेला बांधलेला,
बुटाच्या तपकिरी नाडीनं,
एकावर एक तीन गाठी,
जणू भुसाराच्या दुकानातलं पोतं.
इतक्या आवळून की कातडी दबली होती.
दोन मोठ्या शेंगा जागेवर, तोडलेल्या नाहीत.

बोटं शिवशिवली.
हात पोचत होता. सोडून, नीट बांधून,
एका मिनिटाचं काम.
खाली अंगणात खराटा चालू होता, खर्र, खर्र,
पाणी दाराकडून रस्त्याकडे लोटत.
मी भिंतीला धरून उभा,
धोतराचा सोगा भिजून पोटरीला चिकटलेला,
आणि दोन वर्षांनी तोंडातून निघालं ते हेच:
"सैल बांध की बे."

खराटा थांबला.
वरनं थेंब पडत होते, तारेवरनं, एकेक.
मग पुन्हा लागला, खर्र, खर्र,
आधीपेक्षा थोडा हळू, असं मला वाटलं.
वाऱ्यात नीट ऐकू येत नाही.

स्टुलावरून उतरलो.
खुरपं पुसलं, पात्याला करडीचं तेल लावलं, खुंटीला अडकवलं.
मेथीच्या वाफ्यावर टाकलेली चादर उडालीय पुन्हा.
विटा कमी पडतायत.