रेडियम

भुसावळला यावल नाक्यावर माझं दुकान,
मनुदेवी रेडियम आर्ट.
आत रेडियम नाही.
चमकत्या कागदाचे रोल, कटर, फूटपट्टी,
आणि केळीच्या ट्रकमागे काय लिहायचं, त्याची वही.

खरं रेडियम घरी, तपकिरीच्या डब्यात:
आजोबांचं घड्याळ. तोताराम फेगडे, मालगाडीचे गार्ड.
ब्रेकव्हॅनमधला दिवा गेला तरी
मनगटावर बारा आकडे
सोललेल्या हरभऱ्यासारखे हिरवे.
परवा गोधडीत शिरून पाहिलं. काळं ठिक्कर.

झांबरे सर स्कूटरची प्लेट करायला आले,
फिजिक्सचे, रिटायर.
त्यांना दाखवलं. म्हटलं, संपलं वाटतं.
"संपतंय कुठं भो! निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं.
थकली ती सोबतची भुकटी.
काच मात्र उघडू नको."

मी एमएच एकोणीस कापत होतो.
त्यांनी शर्टाची बाही वर केली.
"हे बघ, इथंही रेडियमच. महिन्याला एक सुई.
हाडांत जाऊन बसतं, दुखणं आहे तिथंच.
हे जरा घाईचं. अकरा दिवसांत निम्मं.
चार झाल्या, दोन राहिल्या."
आणि हसले, फळ्यावर गणित सुटल्यावर हसायचे तसे.

नवाच्या पोटात कटर अडला.

प्लेट बसवली. मागच्या मडगार्डला
लाल कागदाची एक पट्टी जास्तीची लावली.
"हिचे किती?"
राहू द्या, सर.

ते गेले तेव्हा ऊन होतं.
पट्टी नुसती लाल दिसत होती.