शिंका

दोंडाईच्याला मार्केट यार्डामागे
मिरचीच्या रिकाम्या गोडाऊनात
दगाशेठ निकुंभांनी स्टुडिओ काढला,
तेव्हा साउंड माझ्याकडे होता.
भाडं कमी, कारण भिंतींत तिखट मुरलेलं.
पंखा लावला की हीरो शिंके,
बंद केला की घामाने व्हिलनची मिशी सुटे.
ग्लिसरीनची बाटली आम्ही कधी आणलीच नाही.
"रडानं शे का? मंग मांगला दरवाजा उघाड."
शेठचं डायरेक्शन एवढंच.

मूळचा शिंपी माणूस.
सारंगखेड्याच्या जत्रेत टूरिंगवाल्याचा पडदा
वाऱ्याने उभा फाटला, तो रातोरात शिवून दिला,
आणि मजुरी म्हणून मागितलं काय, तर
मशीनशेजारी उभं राहून एक खेळ.
नायिकेच्या गालावरून गेलेली शिलाई
साऱ्या तंबूत फक्त त्यांनाच दिसत होती.
पुढच्या जत्रेला तंबूत चार आणे हिस्सा त्यांचा.

मग सीड्यांचे दिवस. चौदा अहिराणी सिनेमे.
हीरोचा शर्ट उलटा करून शिवला की व्हिलनचा,
आणि व्हिलनचा उसवला की पोलिसाच्या घोड्याची झूल.
घोडा मात्र उधारीचा. तिसऱ्या दिवशी मालक आला
आणि चालू सीनमधून घेऊन गेला,
म्हणून त्या सिनेमात इन्स्पेक्टर पायी धावतो
आणि उधन्याला, लिंबायतला, जिथे गावची माणसं राहतात,
त्या धावण्यावर लोक खुर्च्या सोडून हसले.
त्याचा नफा आम्ही फौजदारी डाळीत बुडवून खाल्ला.

अंधेरीच्या कंपनीने त्यांना उचललं ते ह्याच हशावर.
अकरावा मजला, काचेची केबिन,
कार्डावर नावाखाली लांबलचक हुद्दा,
जो वाचताना शेठ मध्येच एकदा श्वास घेत.
रात्री फोन यायचा:
"आठे कोनीच शिंकस नही रे.
आन माले नही म्हनाना पगार शे."
एकोणीस महिन्यांत दोनशे अकरा गोष्टींना नाही म्हणाले.
एकीला हो म्हणाले.
तिला वरच्या मजल्याने नाही म्हटलं.

भुसावळ पॅसेंजरने परत आले. सोबत एक सुटकेस,
न वाटलेल्या कार्डांचे सात गठ्ठे.
त्यांवर आता घरात दोरा गुंडाळलेला असतो,
निळा, बदामी, काळा,
हुद्द्याचं शेवटचं अक्षर तेवढं बाहेर.

कापलेलं मी काही टाकत नाही.
संगणकात "कचरा" नावाच्या खणात
चौदा सिनेमांच्या शिंका पडून होत्या,
एकूण एक्केचाळीस मिनिटं.
गोडाऊन पाडलं त्या संध्याकाळी शेठ दुकानावर आले,
म्हणाले, लाव.

शटर अर्धं ओढून ऐकत बसलो.
ही सुपडूची. ही सिंधूबाईची,
तिला मंगळसूत्राच्या सीनलाच यायची.
ही त्या घोड्याची, बरं का.
सुपडूच्या दुसरीला ते काही बोलले नाहीत,
सुपडूला जाऊन आता सहा वर्षं झाली.

मग एक आली, ती धड शिंक नव्हती.
कॅमेऱ्यामागे कुणीतरी
बाहीत नाक खुपसून, अख्खा टेक जपून,
शेवटी न राहवून सोडलेला अर्धा आवाज.
"ही कोनी?"
मी परत लावली.
त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, घातला.
म्हटलं, शेठ, ही एकच मी कापलेली नाही,
सिनेमात आहे तशीच.
इथे नुसती नक्कल ठेवली.

बराच वेळ शटरखालून रिक्षांची चाकं जाताना दिसत राहिली.
मग त्यांनी विचारलं, बाकीच्या कापायचे
तेव्हा मिनिटाला किती लावले होते मी.
सांगितलं.
"तवय बी जास्तीच लायात तू," म्हणाले,
आणि शटर वर ढकलायला उठले.