पांढरं होण्याची वेळ

विक्रोळीला, खाडीच्या अंगाची प्रयोगशाळा.
खिडकी उघडायची नाही, हा पेडामकरांचा कायदा:
दमट हवा हार्डनरला चाटते
आणि साच्यावर मेणचट साय धरते.

सकाळी दहाला राळ काचेसारखी होती.
तिच्यात विरघळलेला पॉलिमर
बोट दाखवून सांगता आला नसता.
पाण्यात साखर, म्हणाले पेडामकर,
ओव्हन एकशेचाळीसवर लावला
आणि डबा उघडायला गेले.

दहा चाळीस.
राळेच्या रेणूंनी एकमेकांचे हात धरले,
फांद्यांना फांद्या फुटल्या, जाळं घट्ट होत गेलं
आणि पाहुण्याला पाय ठेवायला जागा उरेना.
भांडण कुणाचंच नव्हतं.

"बाई, नासलं! फेकू?"
पेडामकर दारात, हातात पोळीचा घास.
साचा दुधाळ.
एकतीस वर्षं असं दुधाळ झालेलं
साहेबांच्या नजरेआधी त्यांनी फेकलंय,
साचे घासून पालथे घातलेत.

नासलेलंच हवंय, मी म्हटलं.
हे सगळे थेंब आहेत. तडा धावत आला
की इथे अडखळेल, वळसा घेईल, दमेल.
निवळशंख असतं ते एका टिचकीत जातं.

ते घास चावत राहिले. बराच वेळ.

दुपारी कापाची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली,
दोन ध्रुवक आडवे-उभे: मिट्ट काळोख.
तापमान उतरतंय. एकेचाळीस. अडतीस.
एका थेंबात चांदणं फुटलं,
मधोमध काळी फुली घेऊन.
शेजारचा थेंब काळाच.
चोवीसला काळा. दहाला काळा.
त्यात धुळीचा कण नाही, ओरखडा नाही,
सुरुवात करायला काहीच नाही;
चहूबाजूंनी दगड झालेला
आणि आत तो अजून पातळ.
पेडामकर, बर्फ आहे का?
कँटीनमधून आणतो, म्हणाले. मासळीचा चालेल?

शनिवारी त्यांचा निरोप.
शाल-श्रीफळ घेतलं, वर ती पांढरी चकती मागून घेतली.
"ही परत वितळते का हो?"
चकती नाही. तिच्या पोटातलं वितळतं, साठाला.

त्यांनी उकळत्या चहाचा ग्लास चकतीवर ठेवला.
उचलला तर खाली
रुपयाएवढं गोल, जरासं निवळलेलं.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
पांढरं परत आलं
काठाकडून, सावकाश, काही ठिकाणी आलंच नाही.
चहावर साय धरली होती.