पाण्यात पाहणं

जुलैचे सामने कुठल्याच वहीत चढत नाहीत.
गोल होतो, आणि होत नाही.
तरी शनिवारी आम्ही सव्वीस जण
गळ्यात विटकरी मफलर, भर उन्हाळ्यात,
समुद्रावरून चढून आलेल्या धुक्यात
पत्र्याच्या शेडखाली उभे.

इनिस म्हणाला, यंदाचा गोलकीपर चांगला उंच आहे.
मॉरव्हेन म्हणाली, उंच तर दीपस्तंभही आहे,
त्याने कधी काय अडवलं?
इनिस गप्प.
त्याचा बाप दीपस्तंभावर नोकरीला होता.

नवा मुलगा, अकरा नंबर, डाव्या पायाचा,
पहाटे बेकरीत पाळी करून येतो; कानामागे मैदा.
पहिल्याच चेंडूला दोघांच्या हातावर तुरी देऊन निसटला
आणि धुक्यात दिसेनासा झाला.
आम्ही कान लावले.
चेंडू जाळ्यात गेला की आवाज होतो,
ओल्या गोणपाटावर मासा टाकल्यासारखा.
तो आला नाही.
आला तो फेरीबोटीचा भोंगा.
‘ह्याला आपण ऑक्टोबरपर्यंत शिव्या घालू,’ टोरकिल म्हणाला.
म्हणजे त्याला पोरगा आवडला होता.

खाडीपलीकडे पोर्ट लॉरी.
त्यांच्या मैदानाचे चार दिवे, रात्री हवा निवळली की दिसतात.
एकशे नऊ वर्षं आम्ही त्यांना पाण्यात पाहतो:
भरतीला डोकं खाली, पाय वर,
ओहोटीला चिखलात.
माझ्या आत्येनं तिकडचा नवरा केला
तेव्हा आजोबांनी लग्नाचा केक तोंडात घातला नाही.
वरची साखर निळी होती म्हणून.

यंदा ते दिवे लागलेच नाहीत.
एप्रिलपासून तिकडे पगार नाहीत म्हणे,
गुरुवारपर्यंत पैसे भरले नाहीत तर
लीगच्या यादीतून नाव कापणार.
टोरकिलनं सगळ्यांना बिअर पाजली.
ग्लासाला ग्लास लागले,
आणि इनिसनं खिशातून वेळापत्रक काढलं,
नेहमीसारखं, चष्मा कपाळावर चढवून:
‘मग सव्वीस डिसेंबरला आपण कुठं जायचं?’

कुणी उत्तर दिलं नाही.
फेस बसत गेला.

मंगळवारी मी सकाळची पहिली बोट पकडली.
दात दाखवायचा होता.
डेकवर टोरकिल. बहिणीकडे निघालेला;
त्याला बहीण नाही.
इंजिनाशेजारी कॉलर वर करून इनिस,
त्याने तर कारणही शोधलं नव्हतं.
मफलर कुणाच्याच गळ्यात नव्हता.
खाडी ओलांडायला बावीस मिनिटं लागतात.
त्या दिवशी आम्ही तिघंही पाण्यात पाहत होतो.
नुसतंच पाणी होतं.

त्यांच्या फाटकाशी एक म्हातारा, पुढ्यात निळी बादली.
त्याने आम्हाला चालीवरून ओळखलं.
‘हसायला आलात?’
‘होय,’ टोरकिल म्हणाला, ‘किती तिकीट आहे हसायचं?’
आणि घडी घातलेल्या नोटा बादलीत टाकल्या,
इतक्या घाईनं, की जणू चोरतोच आहे.
तळाशी आधीच एक बिस्किटांचा डबा होता.
तो मी ओळखला. मॉरव्हेनच्या स्वयंपाकघरातला,
झाकणाला पोचा पडलेला.

गुरुवारी संध्याकाळी पुन्हा धुकं.
आम्ही धक्क्यावर.
पलीकडे काहीच दिसेना,
आणि धुकं आहे की अंधार, हे इकडून कळत नाही.
मासेमारीच्या दोन बोटी आल्या, क्रेट उतरले, गेल्या.
नऊ वाजले. साडेनऊ.
इनिसला गप्प राहवत नाही.
‘त्यांचा बचाव यंदाही भुसभुशीतच आहे, असं ऐकतो.’

‘असू दे,’ मॉरव्हेन म्हणाली.
मग बराच वेळ खाडीकडे बघत,
‘आधी असू दे.’